मासे भाजणारा देव

लहानपणी मला वाटायचं की देव म्हणजे शेठ आणि येशू म्हणजे मास्तर. सुरतेत ज्यांचे वडील लूमच्या खात्यात कामाला आहेत त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांना सांगते. खातं म्हणजे कापड विणायचा कारखाना. मास्तर म्हणजे लूम दुरुस्त करणारा माणूस, कारागिरांच्यातलाच, हात तेलानं काळे झालेले, वेळ पडली तर आपली बाजू घेणारा. आणि शेठ म्हणजे आत काचेच्या केबिनमध्ये बसलेला. तो आपल्याला दिसत नाही, पण त्याला सगळं दिसतं. कापडात डाग पडला, उभी लाईन आली की कारागीर आधी मास्तरला गाठतो. म्हणतो, "तुम्ही बोला ना शेठकडं, तुमचं ऐकतात ते."

आमच्या घरात प्रार्थना अशीच चालायची. येशू चांगला, येशू मायाळू, तो आपल्यासाठी वर शब्द टाकणार. पण वर जो बसलाय त्याचा काही भरवसा नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रार्थना संपली तरी थोडा वेळ मान खाली घालूनच बसायचे. केबिनमधून बोलावणं येईल आता, असं तोंड.

हे सगळं माझ्या डोक्यातून आत्यानं काढलं, अण्णांच्या मोठ्या बहिणीनं. कसं काढलं ते मला कुणाला तरी सांगायचंच होतं. आता मी अठराची आहे, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात मराठी टायपिंग करते, आज दुपारी गिऱ्हाईक नाही, कॉम्प्युटर रिकामा आहे. शेठ यायच्या आत लिहून काढते.

आम्ही मूळचे जालन्याकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. सुरतेत गोडादऱ्यात एका ओळीत सहा खोल्या होत्या, पुढं सगळ्यांचं मिळून एक अंगण, मागं उसाचं शेत. आमची खोली तिसरी, आत्याची चौथी. आत्या एकटी, नवरा फार वर्षांपूर्वी वारलेला. ती साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करायच्या कामाला जायची. पाचव्या खोलीत धुळ्याकडच्या एक मावशी राहायच्या, घरात अहिराणी बोलायच्या आणि दिवसातून दहा वेळा आत्याच्या दारात यायच्या.

अण्णांचं काम फार नाजूक. लूमवरचं सूत संपत आलं की नवीन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, चढवतात, आणि जुन्या प्रत्येक तारेला नवीन तार हातानं जोडायची असते. हजारो तारा. एक तार दुसरीच्या जागी जोडली गेली तर अख्ख्या ताक्यात, म्हणजे कापडाच्या पूर्ण तुकड्यात, वरपासून खालपर्यंत लाईन येते. विणताना कुणाला कळत नाही. ताका चेकिंगच्या टेबलावर गेला, काचेखालची ट्यूबलाईट लागली, की दिसते. अण्णा म्हणायचे, "माणसाला वाटतं लपलं. टेबलावर काही लपत नसतं." आणि मग वर बोट दाखवायचे. म्हणजे वर पण टेबल आहे, हे आम्ही समजून जायचं.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. गणपती बुडवून थोडेच दिवस झाले होते. सकाळी दुधाच्या रांगेत कुणीतरी सांगितलं, दुपारपर्यंत निम्मा गोडादरा तोंडाला रुमाल बांधून पिशव्या घेऊन रस्त्यावर. खाती बंद. लूमचा आवाज बंद झाला की सुरत किती विचित्र वाटते! आपल्याला आवाजाची एवढी सवय असते की शांततेनंच कान दुखतात.

आणि त्याच दिवशी आत्याला ताप.

तिला थंडी वाजत होती, दात वाजत होते. अण्णा तिच्या दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. म्हणाले, "आक्का, तू पडून राहा. मी गाडीचं बघून येतो, मग आपण सगळेच निघू." आत्या म्हणाली, "पाणी तेवढं जवळ ठेव." अण्णांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. आतपर्यंत नेला नाही. मग आमच्या खोलीला कुलूप लावलं, आईला, मला आणि धाकट्या भावाला घेतलं आणि आम्ही उधना स्टेशनला चालत गेलो. रस्त्यात आईनं एकदाच विचारलं, "अहो, आक्का?" अण्णा म्हणाले, "पोरं बघ आधी."

आम्ही परत गेलो नाही. गाडीत बसलो.

गावात आम्हाला घेतलं नाही. एसटीतून उतरलो तर फाट्यावर माणसं काठ्या घेऊन उभी. "सुरतेचे ना? तिथंच थांबा." गावाबाहेरच्या शाळेच्या ओसरीवर आम्हाला ठेवलं. पोलीसपाटील लांबूनच ओरडून विचारायला लागला, "घरात कुणाला ताप होता का?" अण्णा म्हणाले, "नाही." "बहीण राहते ना शेजारी?" "ती आमच्याकडं नसते आता." मग सरकारी डॉक्टर आला, त्यानं वहीत बघून तेच विचारलं. अण्णा म्हणाले, "बहीण सुरतेत नाहीच." संध्याकाळी चुलते भाकरी घेऊन आले, लांब ठेवून म्हणाले, "आक्का कुठंय रे?" अण्णा चिडले. "मला काय विचारता? तिचा आणि माझा काही संबंध नाही!"

मी तिथंच भिंतीला टेकून बसले होते. तेरा वर्षांची. सगळं ऐकलं.

दीड महिन्यानं खाती सुरू झाली आणि आम्ही परत आलो. मला वाटत होतं चौथ्या खोलीला कुलूप असेल. कुलूप नव्हतं. आत्या दारात लसूण सोलत बसली होती, निम्मी झालेली. तिला प्लेग नव्हताच, मलेरिया होता. धुळ्याच्या मावशी गावाला गेल्याच नव्हत्या, रोज तिला उठवून बसवायच्या, "ऊठ वं माय, पेज पी ले." आम्हाला बघून आत्या म्हणाली, "आलात होय? लेकरं किती काळी पडली गं!"

एवढंच. खरंच एवढंच म्हणाली.

अण्णा तिच्यापुढून खाली मान घालून खोलीत गेले. आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. आत्यानं दोन-तीनदा हाक मारली, एकदा दारात उभी राहून म्हणाली, "धाकल्या, झालं गेलं. मी काय मनात धरून बसली नाय." अण्णा बूट शोधत राहिले. ते चप्पल घालतात, बूट त्यांच्याकडं नाहीतच!

पण खरी गोष्ट रविवारी कळायची. आमच्या दहा-बारा घरांची उपासना उधन्याला एका माडीवरच्या खोलीत व्हायची, सतरंजीवर. महिन्यातून एकदा बाहेरगावचे पाळकसाहेब यायचे, तेव्हा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकरी आणि द्राक्षारस घ्यायचा. गुजरातेत दारूबंदी, द्राक्षारस आणणार कुठून, म्हणून आदल्या दिवशी मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून त्याचं पाणी करायचं. ते काम आत्याचं. आणि ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांना हात लावायच्या आधी पाळकसाहेब दर वेळी विचारायचे, कुणाच्या मनात कुणाशी काही आहे का, आधी ते मिटवा. आमच्यात ह्याला फार मानतात. ज्याचं मिटलेलं नसतं तो उठून दाराबाहेर चपलांपाशी जाऊन बसतो. कुणी त्याला हाकलत नाही, तो आपणच जातो. आधी दोन जावा तिथं बसलेल्या मी बघितल्या होत्या, एकीकडं एक, दुसरीकडं दुसरी, मध्ये वीस जोड चपला. पुढच्या महिन्यात दोघी आत.

अण्णा मात्र नोव्हेंबरात चपलांपाशी, डिसेंबरात चपलांपाशी. नाताळाला सुद्धा. आत गाणी, टाळ्या, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर अण्णांची पाठ. जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की उधन्याच्या पुढं भेस्तानच्या एका खात्यात काम धरलंय, तिथंच खोली आहे, येत्या रविवारी टेम्पो येणार.

आई म्हणाली, "रविवारी? पाळकसाहेब यायचेत."

"येऊ दे. मला काय करायचंय?"

"म्हणजे भेस्तानहून उपासनेला नाहीच यायचं?"

अण्णा सुरीनं सुतळी कापत होते. म्हणाले, "जिथं टेबलावर माल पास होणारच नाही तिथं कशाला टाकायचा? माझा ताका रिजेक्ट आहे. मला माहीत आहे, त्याला माहीत आहे."

मला इतकी भीती वाटली! अण्णांना देव नको झाला नव्हता. देवाला आपण नको, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आणि आत्या तर म्हणतेय झालं गेलं, मग अडतंय कुठं? ते मला माहीत होतं. आत्याला माहीत होतं की भाऊ टाकून गेला. गावात तो काय म्हणाला ते तिला माहीत नव्हतं. अण्णा कुठल्या तोंडानं तिची माफी घेणार? निम्म्या गुन्ह्याची माफी खिशात घालून फिरणारा माणूस नाही तो.

माझ्या पोटात काही राहत नाही, आई म्हणते पोरीच्या तोंडाला चिटकणीच नाही. शुक्रवारी शाळेतून आले, आत्याच्या खोलीत शिरले आणि दप्तर काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. शाळेची ओसरी, पाटील, डॉक्टर, चुलते.

आत्या तांदूळ निवडत होती. हात थांबला. मला वाटलं आता रडणार. किंवा उठून तिसऱ्या खोलीत जाऊन अण्णांची कॉलर धरणार.

"किती वेळा म्हनला?"

"काय?"

"माझा संबंध नाही म्हणून. किती वेळा?"

मी बोटांवर मोजलं. "पाटलाला एकदा. डॉक्टरला एकदा. आणि चुलत्यांना."

"तीनदा?"

"हो."

"मोजून तीनदा?" आणि आत्या हसायला लागली! अशी हसली की सुपातले तांदूळ सांडले, खोकला आला, डोळ्यांतून पाणी. मी घाबरून तिची पाठ चोळायला लागले. आवाज ऐकून धुळ्याच्या मावशी आल्या. "काय व्हयनं वं?"

"काय नाय," आत्या डोळे पुसत म्हणाली, "माझा भाऊ शास्त्रातला निघाला."

मावशींना काही कळलं नाही. मला पण मिनिटभरानं कळलं, शास्त्र म्हणजे बायबल, त्यातली गोष्ट. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा सगळ्यात जवळचा शिष्य, कोळी होता तो, अंगणात शेकत बसलेला. लोकांनी विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणाला, मी ओळखत नाही. तीनदा म्हणाला. हे तर आम्हाला रविवारच्या शाळेत पाठ होतं.

"पण आत्या, तुला राग नाही आला?"

"आला ना. येणार नाय होय? तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेला, मी घासत घासत सरकत गेले पाण्याला. आता हे ऐकून आणखी आला." तिनं खाली सांडलेले तांदूळ गोळा करायला घेतले. "पर मला सांग, येशू परत उठल्यावर त्या कोळ्याला काय म्हनला?"

मी म्हणाले, "विचारलं त्याला, माझ्यावर प्रेम करतोस का."

"ते नंतर. त्याच्या आधी?"

मला आठवेना.

"आधी त्यानं तळ्याच्या काठाला विस्तव पेटवला. मासे भाजले. भाकरी ठेवली. ती सगळी रातभर जाळं ओढून आलेली, उपाशी. त्यान्ला म्हनला, या रे, खाऊन घ्या आधी. तू असं का केलंस म्हणून एक शब्द तरी काढला का? मेलेल्यातून उठलेला माणूस गं! दुसरा असता तर आधी धरून नेणाऱ्यांच्या दारात उभा राहिला असता, बघा आता म्हणून. ह्यो काय करतो? चूल फुंकत बसतो."

मी म्हणाले, "पण येशू तसाच आहे ना. तो चांगलाच आहे. अण्णांना भीती वरच्याची वाटते."

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी सहामाहीत नापास झालेय.

"वरचा कोण?"

"देव. बाप."

"तू बघितलास?"

"नाही."

"मी बी नाय. कुणीच नाय. म्हणून तर हा आला. वर एक रागीट बसलाय आणि खाली हा गरीब त्याची समजूत काढायलाय, असं वाटतंय तुला?"

मी शेठ-मास्तरचं सांगितलं. तिला ते आवडलं, मान हलवून ऐकलं, मग म्हणाली, "येडे, केबिन रिकामीच हाय. शेठच खाली येऊन तेलात हात घालून बसलाय, त्यालाच तू मास्तर समजायलीस. जो मासे भाजायला बसला, देव तेवढाच. त्याच्या मागं दुसरा कुणी न्हाई."

मी आजपर्यंत खूप उपदेश ऐकले, मोठमोठ्या पाळकांचे, लाऊडस्पीकरवरून. पण सांडलेले तांदूळ वेचता वेचता चौथी पास आत्या जे बोलली त्याच्या जवळपास कुणी गेलं नाही. केबिन रिकामी! मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होते तो तिथं नव्हताच, तो तर खाली आमच्यातच होता, हात काळे करून.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. मासे आणावे लागतेत."

मासे म्हणजे आमच्याकडं सुके बोंबील. जालन्याकडं समुद्र कुठला, आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील मिळतात तेच मासे. मी म्हणाले, "आत्या, तळ्यात बोंबील नसतात." ती म्हणाली, "त्याला चालतेत."

रविवारी सकाळी अंगणात आमचं सामान निघालं, पत्र्याची पेटी, गाद्यांची वळकटी, डबे. टेम्पो नऊला येणार होता. आत्यानं बरोबर त्या सामानाच्या मधोमध सगडी मांडली, कोळसे फुलवले आणि बोंबील टाकले. वास असा सुटला की सहाही खोल्यांची दारं उघडली. शेवटी घरमालक आपल्या गच्चीवरून नाकाला धोतर लावून, सकाळी सकाळी हे काय जाळताय म्हणून ओरडले, "अरे, आ शुं बाळे छे सवार सवारमां?"

आत्या वर बघून म्हणाली, "शेठ, नाश्तो छे!"

मावशी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. अण्णा पेटीला दोरी बांधत होते, त्यांनी वर बघितलं नाही. आत्यानं परातीत भाकरी ठेवली, तिखट, मीठ, कांदा ठेचला.

"धाकल्या, ये. भाकरी गार व्हायली."

अण्णा गाठ मारत राहिले.

"अरे ये. तीनदा म्हनलास म्हणं."

अण्णांचा हात दोरीवरच थांबला. आधी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आज मार आहे. मग आत्याकडं बघितलं, सुरतेला परत आल्यापासून पहिल्यांदा सरळ.

आत्यानं चिमट्यानं बोंबील उचलून भाकरीवर ठेवले. "तीनदा, तर तीन खा. हिशोबानं देते." आणि स्वतःच हसली.

अण्णा उठून आले. बसले नाहीत, उभेच. आवाज इतका बारीक की मला पुढं सरकावं लागलं. "आक्का, ते तीन काहीच नाही. स्टेशनवर गाडी लागायला तीन तास होते. मी तीन तास तिथं बाकड्यावर बसून होतो. पाऊण तासात येऊन तुला घेऊन गेलो असतो. मी घड्याळ बघत होतो. येता येत होतं, आणि मी आलो नाही."

माझ्या एकदम लक्षात आलं की त्या तीन तासांत मी शेंगदाणे खाल्ले होते. धाकट्याशी साल कुणाचं लांब उडतं त्याची शर्यत लावली होती. मला पण आत्याची आठवण आली नव्हती.

आत्याच्या तोंडावरचं हसू गेलं. हे तिला नवीन होतं, आणि हे लागलं, दिसत होतं. ती निखाऱ्यांकडं बघत राहिली. मी मनात म्हणत होते, बोल ना, काहीतरी बोल. मग तिनं सगडीवरचा आणखी एक बोंबील उचलला, राख झटकली आणि भाकरीवर ठेवला.

"चार झाले," ती म्हणाली. "बस आता."

अण्णा बसले. जमिनीवर, आत्याच्या पुढ्यात, लहान पोरासारखे मांडी घालून. पहिला घास त्यांना गिळताच येईना. आत्या म्हणाली, "काटा लागला का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि खात राहिले. चारही खाल्ले. आई घरात जाऊन रडत होती, मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं, कारण भांडी तर सगळी बांधलेली होती, ती उगाच एकच डबा इकडून तिकडं ठेवत होती.

टेम्पोवाला आला, हॉर्न वाजवायला लागला. अण्णा म्हणाले, "दुपारी ये, भाऊ. आम्हाला उधन्याला जायचंय." तो कटकट करायला लागला, तर आत्यानं त्याच्या हातात पण भाकरी दिली.

भेस्तानला आम्ही गेलोच, कारण काम खरंच धरलेलं होतं. महिन्याभरात आत्या पण आली, आता आमच्या शेजारीच आहे. पण त्या रविवारचं सांगते. माडीवर पोचायला उशीर झाला, गाणं सुरू झालं होतं. अण्णांनी चपला काढल्या आणि सवयीनं पायरीपाशी घुटमळले. आत्या मनुकांच्या पाण्याचा गडू सांभाळत पुढं गेली होती, तिनं मागं वळून बघितलं सुद्धा नाही. अण्णा आत आले, भिंतीकडेला जागा होती तिथं बसले. पाळकसाहेबांनी नेहमीचं विचारलं, कुणाच्या मनात कुणाशी काही आहे का. सगळे चपलांकडं बघायला लागले, सवय ना! चपलांपाशी कुणी नव्हतं. मग ताट फिरत फिरत अण्णांपर्यंत आलं. त्यांनी एक तुकडा घेतला आणि ताट पुढं दिलं, आणि शेजारच्या काकांनी ताट घेता घेता वास घेऊन हळूच विचारलं, "काय रे, बोंबील?"

"हो," अण्णा म्हणाले. "आक्कानं भाजले होते."